कानबाईच्या रोटात आमचीही मूठ धरा

आदरणीय आबा, नाना, बापू, सुरतेचे भाऊ आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, एकत्र बसणारे आपले सगळे भाऊबंद यांना धाकट्या घरच्या सुनेचा नमस्कार.

पावसाने दोन दिवस उघडीप दिली म्हणून परवा रोटाचे गहू गच्चीवर टाकले. काल संध्याकाळी सूप घेऊन निवडायला बसले आणि दरवर्षीचा हिशेब मनात आपोआप सुरू झाला. यंदा पुरुष किती? थोरल्या घरचे चार, मधल्या घरचे तीन, आमचे दोन. नऊ. प्रत्येकी सव्वा मूठ, म्हणजे सव्वाअकरा मुठी. लग्न होऊन या घरात आल्यापासून सदतीस श्रावण मी हा हिशेब करते आहे. काल पहिल्यांदा सूप खाली ठेवलं आणि वही घेतली.

हे पत्र घरातल्या घरात देऊनही भागलं असतं. पण अमळनेरला, पारोळ्याला, शिरपूरला, शिंदखेड्याला नात्यातल्या ज्या ज्या घरी मी कानबाईला गेले, तिथे बहुतेक ठिकाणी मूठ अशीच मोजताना पाहिली. म्हणून जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगते. आबा, तुम्हाला न विचारता घरची गोष्ट बाहेर काढली याबद्दल रागावू नका. आधी पूर्ण वाचा.

खानदेशाबाहेरचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ चौरंगावर मांडतात, त्याला डोळे, नथ, दागिने लावून देवीचं रूप देतात. रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. आधीचे आठ दिवस घर रंगवण्यात आणि भांडीकुंडी घासण्यात जातात. आणि मग रोट. घराण्याच्या नावाने मुठीने मोजून घेतलेला गहू, त्याचं पीठ, त्या पिठाच्या पोळ्या. सोबत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, कटाची आमटी. हा घास फक्त भाऊबंदांचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, उरला तर राखी पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचा. प्रत्येक घराण्याची रीत थोडी निराळी असते. मी आपल्या घरची सांगते आहे.

आपल्या घरी मूठ पडते ती पुरुषाची. पाळण्यातला असला तरी पडते. तीन वर्षांपूर्वी मधल्या घरी नातू झाला, तो रोटाच्या दिवशी वीस दिवसांचा होता. त्याच्या तोंडात दात नव्हता, पण त्याची सव्वा मूठ पडली. सुरतेच्या पुतण्याला रजा मिळाली नव्हती, तो आलाच नाही. त्याचीही पडली. त्या बाळाची सात वर्षांची बहीण माझ्या मांडीला टेकून हे सगळं बघत होती. तिने मला विचारलं, "आजी, मन्ही मूठ कोठे शे?" मी म्हटलं, तुझी मूठ तुझ्या सासरी. ती म्हणाली, मला तर सासरच नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण सूप उचलून मी आत गेले ते तिच्यापुढे उभं राहवेना म्हणून. मला ठाऊक होतं की मी तिला खोटं सांगितलं आहे. सासरी मूठ असती तर ती मला मिळाली असती. माहेरी माझी पडली नाही, कारण लेक म्हणजे परक्याची. इथे पडली नाही, कारण सून म्हणजे पुरुषाच्या मुठीतच आली. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात कानबाईपुढे माझ्या नावाचा एक दाणा पडलेला नाही.

आता मला जिजीची गोष्ट सांगायची आहे. आबा, तुमच्या आईची. तुम्हाला ती ठाऊक नसावी, कारण ती स्वयंपाकघरातली आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात जिजीने मला गव्हाच्या कोठीपाशी बसवलं आणि मूठ कशी घ्यायची ते दाखवलं. बाहेर तुम्ही नाव घ्यायचा, आत ती मूठ टाकायची. तिचा हात शेतात राबलेला, रुंद. पण ती नुसती मूठ घेत नव्हती. हात कोठीत खोल घालायची, बोटं सैल ठेवायची, आणि वरचा ढीग सांडू न देता डब्यात न्यायची. सव्वातला पाव तर ती ओंजळीनेच टाकायची. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा हळूच म्हणाली, "मूठ मोठी धर वं माय, आपले बी जेवनं शे." म्हणजे आपल्यालाही जेवायचं आहे. पुढे एका वर्षी मी तिने घेतलेले गहू तराजूत टाकून पाहिले. माझ्या मुठीत पन्नास-साठ ग्रॅम गहू मावतो. सव्वाअकरा मुठींचे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास व्हायला हवेत. तिचे किलोच्या वर भरले.

साडेसहाशे ग्रॅमच्या पिठात मध्यम आकाराच्या वीस-पंचवीस पोळ्या होतात. रोटाला आपण एकवीस जण असतो, नऊ पुरुष आणि बारा बायका-पोरी. पुरुषांच्या ताटात दोन-दोन वाढल्या की अठरा गेल्या. उरलेल्या पाच-सहा पोळ्यांत बारा जणी. म्हणजे अर्धी-अर्धी. तीही गार, तीही शेवटच्या पंगतीत, आणि कोणाला आणखी हवी असेल तर आपली उचलून द्यायची तयारी ठेवून. हे जिजीला परवडत नव्हतं. तिने तुमच्याशी भांडण केलं नाही, देवीच्या रीतीला हात लावला नाही, फक्त मूठ सैल केली. तिच्यानंतर मीही तशीच घेत आले. आता माझ्यानंतर ज्या सुना येतील त्यांना मी हे शिकवणार नाही. देवीच्या नैवेद्याचा गहू बायकांनी चोरून वाढवावा, हे मला देवीपुढे बरोबर वाटत नाही. नाव घेऊन टाकलेली मूठ हवी.

मी कोण, कुठली, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. माझं माहेर पारोळा तालुक्यातलं. कोरडवाहू शेत, कपाशी आणि ज्वारी, चार बहिणी आणि एक भाऊ. नऊ वर्षांची असताना पहिली भाकरी थापली, ती तव्यावर टाकताना अर्धी मोडली आणि आईने ती मोडकी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. दहावी झाले, पुढे शिकायचं राहून गेलं. १९८८ साली एकोणिसाव्या वर्षी या घरात आले. सासरे अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कामाला होते. पाळीप्रमाणे घरातल्या चुलीचं वेळापत्रक चालायचं. पहाटेची पाळी असली की जिजी चारला उठून भाकरी-ठेचा बांधायची. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा आणि तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तालुक्यात तुपाचे डबे भरले जात होते तरी जिजी रोटाला घरचं लोणी कढवलेलंच तूप लावायची. महिनाभर आधीपासून साय साठवायची. पुढे घरातले हात कमी झाले. उधना, लिंबायत या सुरतेच्या भागांत आपली अर्धी भाऊबंदकी राहायला गेली. आज सुरत-भुसावळ गाडीने तुम्ही शनिवारी रात्री उतरता, तेव्हा आम्ही बायका आठ दिवस आधीपासून भांडी घासून, भिंती पुसून, गहू धुऊन वाळवून मोकळ्या झालेल्या असतो.

माझ्या हातचं तुम्ही सगळ्यांनी खाल्लं आहे. मला काय आवडतं हे मात्र मी कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण त्याचाही या मुठीशी संबंध आहे.

मला भरीत आवडतं. थंडीतलं, बामणोदकडच्या मोठ्या पांढरट-हिरव्या वांग्यांचं, ज्यांत बिया कमी आणि गर गोडसर असतो. जळगावच्या या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला माझ्या माहेरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावरच भाजायची. गॅसवर साल करपते आणि देठापाशी कच्चं राहतं. हिरवी मिरची आणि लसूण भाजून ठेचायचं, गर लाकडी भांड्यात मुसळीने घोटायचा, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी. टोमॅटो घातलेलं भरीत मला चालत नाही, आणि कोथिंबीरही थोडीच. त्याच्यासोबत कळण्याची भाकरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, सालासकट, थोडं मीठ घालून दळलेलं. ही भाकरी गरम असतानाच खायची, गार झाली की वातड होते.

शेवभाजी मला घरची आवडते. कांदा निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं भाजायचं, काळ्या मसाल्यासोबत पाट्यावर वाटायचं. तिखट रंगापुरतं. शेव रश्शात शिजवायची नाही, वाढताना ताटातच टाकायची. दोन मिनिटांत खाल्ली नाही तर तिचा लगदा होतो. डुबुक वड्यांचंही तेच. बेसनाचे गोळे उकळत्या रश्शात डुबुक-डुबुक पडतात, फुगतात, आणि तेव्हाच मऊ असतात. अर्ध्या तासाने ते दगड होतात.

आणि खापरावरची पुरणपोळी. गहू बारीक दळून पीठ कपड्यातून गाळायचं, सैल मळायचं, पुरण भरून पोळी दोन्ही हातांवर फिरवत-फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायची. हाताला लय लागते, ती बोलताना तुटते, म्हणून खापरावर बसलेली बाई कोणाशी बोलत नाही. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असताना, मी एका बैठकीत चाळीस पोळ्या केल्या आहेत. ती पोळी खापरावरून उतरताच तुपासोबत, आमरसासोबत खाल्ली तर जिभेवर राहत नाही. हे मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं. त्या आखाजीला माझा हात भाजला होता म्हणून धाकटी जाऊ खापरावर बसली आणि मला पंगतीत बसावं लागलं. तेवीस वर्षं मी जी पोळी करत होते, ती गरम कशी लागते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

माझ्या आवडीचं सगळं गरमच खायचं असतं आणि मी ते सगळं आयुष्यभर गार खाल्लं आहे. आपल्या घरात कोणी वाईट नाही. आबांनी कधी कोणाला ताटावरून उठवलं नाही. तरी असं झालं, कारण पहिली पंगत कोणाची हे कोणी ठरवलेलं नव्हतं, ते कधीच ठरलेलं होतं. मुठीचंही तसंच आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी वही घेतली ती. लिहायला जड जाते आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक परत आली. का आली ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या दिवशी नाना स्वतः गाडी घेऊन तिला आणायला गेले होते हे मी जन्मभर विसरणार नाही. तिला या घराने आसरा दिला. पण गेल्या श्रावणात रोटाच्या आदल्या रात्री प्रश्न आला. लग्न झालेल्या लेकीला माहेरचा रोट चालत नाही ही आपली रीत. सासरचं घर तिने सोडलेलं. मग ती खाणार काय? कोणी काही बोललं नाही. मी, तिची आई, तिने विचारायच्या आधीच उत्तर दिलं. मी दोन पराती मांडल्या. एकीत रोटाचं पीठ, दुसरीत साधं, डब्यातलं. दोन्ही तिनेच मळली. तिचा हात चांगला आहे, माझ्याहून मऊ मळते. रोटाच्या सगळ्या पोळ्या तिने लाटल्या, आणि तुम्ही सगळे बसलात तेव्हा ती मागच्या खोलीत दुसऱ्या परातीतली पोळी घेऊन बसली. मी तिला म्हटलं, चव एकच आहे. ती म्हणाली, "हो माय, गहू पण एकाच कोठीतला आहे."

ते खरं होतं. गहू एकाच कोठीतला होता. फरक इतकाच की एक मोजला होता आणि एक नव्हता.

तिच्या नावाची मूठ आज कुठेच पडत नाही. सासरी पडत नव्हती, इथे पडत नाही. ती एकटी नाही. थोरल्या घरची काकू विधवा झाल्यापासून गहू निवडते, दळते, आणि देवीच्या ओटीच्या वेळी आपणहून मागे सरकते. मधल्या घरची धाकटी लेक तिशीची झाली, लग्न करायचं नाही म्हणते, नाशिकला नोकरी करते आणि दरवर्षी देवीची नवी साडी तीच आणते. साडी चालते, मूठ चालत नाही.

बापू, तुम्ही म्हणाल की रीत आहे, मोडली तर देवी कोपेल. तुमची भीती मी खोटी मानत नाही. माझ्याही मनात ती आहे, म्हणून वर्षभर गप्प राहिले. पण मग आठवून पाहा. जिजीच्या काळी रोटाचा गहू जात्यावरच दळायचा, ओव्या म्हणत, रात्र सरेपर्यंत. आज घरघंटीवर दळतो. चूल जाऊन गॅस आला. बोरी नदीला श्रावणात पाणी असेल याची खात्री राहिली नाही, म्हणून दोन वर्षं आपण विहिरीवर विसर्जन केलं. सुरतेच्या भावांनी फ्लॅटमध्ये कानबाई बसवली आणि सोमवारी कामावर जायचं म्हणून पहाटेच उठवली. हे सगळं तुम्हीच ठरवलं, बैठकीत, अर्ध्या तासात, आणि देवी कोपली नाही. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मनात भाव असला की झालं. मी तुमचंच वाक्य तुमच्यापुढे ठेवते आहे.

आणि देवी कोण आहे? तिला आपण नथ घालतो, बांगड्या भरतो, तिची ओटी भरतो. तिची गाणी बायका म्हणतात, तिच्यापुढे फुगड्या बायका खेळतात. तिच्या घरात मोजणीला बाई नको, असं ती म्हणाल्याचं मी एकाही गाण्यात ऐकलेलं नाही.

बाहेरचं जगही बदललं आहे, आणि ते आपल्या माणसांनीच बदललं. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं. सरकारने मग इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं सरकारी कागदावर लिहायचं ठरलं. आपल्या मधल्या घरच्या नातवानंतर जे बाळ येईल, त्याच्या दाखल्यावर आईचं नाव बापाच्या आधी असेल आणि रोटात मात्र तिची मूठ नसेल. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली, आणि तो जन्मापासूनचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. शेताचं मी इथे काढत नाही. ते वेगळ्या कागदाचं बोलणं आहे आणि ते मी माझ्या भावाशी बोलेन. पण आखाजीला झोका खेळायला आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडीचा कागद ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. लहानपणापासून जिची मूठ पडलेली नसते तिला सही करतानाही वाटत नाही की आपलं काही जातं आहे.

काही बोलणं वेगवेगळ्या माणसांशी आहे.

माझ्या वयाच्या सासवांनो, पहिलं पाऊल आपल्या हातात आहे. कोठीपाशी आपणच बसतो. पुरुष नावं घेतील त्यांच्या पाठोपाठ आपण सुनांची नावं घ्यायची, मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल अशी. सुनेला "तुला काय आवडतं" असं एकदा विचारा. माझ्या सुनेला मी लग्नानंतर चार वर्षांनी विचारलं. तिला वरण-बट्टीतली बट्टी तुपात बुडवलेली नको असते, कोरडी हवी असते, हे तेव्हा कळलं. चार वर्षं ती तूप निथळवून खात होती.

सुरतेच्या पोरांनो, तुम्ही तिकडे स्वतःचे डबे करता, खोलीवर भाकरी थापता, मला ठाऊक आहे. मग इथे आल्यावर ओसरीवर का बसता? रोटाचं पीठ मळायला हात स्वच्छ असला की पुरे. एकाने परात घ्या, एकाने गंगाफळ चिरा. गंगाफळाची साल जाड असते, आमची मनगटं आता दुखतात. आणि पंगत एकच करा. एकवीस माणसं आपल्या ओसरीत मावतात, मी मोजून पाहिलं आहे. पातेली मधे ठेवायची, आपापलं वाढून घ्यायचं. शेवटी बसणारं कोणी राहणार नाही.

मुलींनो, तुम्हाला एकच सांगते. मुठीचं विचारायला लाजू नका. सात वर्षांच्या पोरीने विचारलं म्हणून छप्पन्न वर्षांच्या बाईला सुचलं.

आता यंदाचं. नागपंचमीला वीस दिवस उरले आहेत. एकवीस जणांच्या सव्वा-सव्वा मुठी म्हणजे सव्वासव्वीस. नेहमीची मूठ धरली तर गहू दीड किलोच्या आसपास होतो. जिजी मूठ सैल करून जे किलोभर घेत होती त्याहून अर्धा किलो जास्त, म्हणजे खर्चाचा प्रश्नच येत नाही. डाळ त्या हिशेबात वाढवावी लागेल, गूळही. पीठ जास्त झालं आणि पौर्णिमेच्या आत संपणार नाही अशी काळजी कोणाला असेल तर ती माझ्यावर सोपवा. पोटभर गरम जेवलेल्या बारा बायका काही उरू देणार नाहीत.

आबा, नाव घ्यायचा मान तुमचाच. मला तो नको आहे. फक्त जिथे तुम्ही थांबता तिथून पुढे जा. आधी जिजीचं नाव घ्या, ती नसली तरी. मग काकूचं, थोरल्या वहिनींचं, आम्हा सुनांचं, नाशिकच्या पोरीचं, त्या सात वर्षांच्या, आता दहाची झालेल्या नातीचं. आणि माझ्या लेकीचं नाव घ्या. तिचं लग्नाआधीचं, या घरातलं नाव.

होकार असो, नकार असो, नागपंचमीच्या आधी निरोप द्या, कारण गहू धुऊन वाळायला दोन उन्हं लागतात आणि यंदा पाऊस थांबेल याचा भरवसा नाही. मी दीड किलोचेच निवडते आहे. तुमचा नकार आला तर रोट मी नेहमीसारखा करून देईन, त्यात कसूर होणार नाही, पण मी आणि माझी लेक मागच्या खोलीत बसू, दोघी. दुसरी परात मी यंदा काढलेली नाही.

तुमची,
धाकट्या घरची सून
ता. अमळनेर, जि. जळगाव